सरकलेला लाल रंग

छापखान्यात तिला सगळे ‘मिलिमीटरबाई’ म्हणत. ती मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढी आणि मी त्याच पुस्तकांचा मुद्रितशोधक; त्यामुळे तिची पट्टी आणि माझी पेन्सिल यांचा शेजार जुना. मला ती ‘कानामात्रा’ म्हणे. टाकाने ओढलेली तिची रेघ अशी, की चित्रातल्या पंखावर हात फिरवावासा वाटे आणि पिसे विस्कटतील म्हणून तो मागे घ्यावा लागे. निवृत्तीनंतर आम्ही एकाच इमारतीत समोरासमोर राहतो.

तिच्या कपाटात सगळ्या पुस्तकांचे कणे बाहेर आहेत. एकच पुस्तक कणा भिंतीकडे करून असे. लाल टोपी घालणाऱ्या कावळ्याची ती गोष्ट. त्या काळी कागद यंत्रातून दोनदा जाई, एकदा काळ्या रेषेच्या ब्लॉकखालून आणि एकदा लाल रंगाच्या. त्या खेपेस लाल ब्लॉक जागचा हलला आणि पानोपानी टोपीचा रंग रेषेबाहेर, उजवीकडे सरकला. यंत्रचालक म्हणाला, “पोरांना काय कळतंय!” पुस्तके बाजारात गेली. बाईने त्या पुस्तकावरून नजर काढून घेतली ती कायमची.

गेल्या महिन्यात तिच्या बहिणीची मुलगी आली. ती टॅबवर चित्रे काढते. एका प्रकाशकाने तीच गोष्ट नव्या चित्रांसह काढायचे ठरवले आणि काम नेमके तिच्याकडे आले. तिचे हे पहिलेच पुस्तक.

“मावशी, तू हो म्हणालीस तरच देणार. नाहीतर सांगते त्यांना, दुसरं कुणी बघा.”

बाईने मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतले आणि भिंग हाती घेतले. भाचीची चित्रे वेगळ्याच वळणाची होती. रेघ जवळजवळ नाहीच, नुसते सपाट रंगांचे पट्टे; काळी कड होती ती फक्त टोपीला. अर्धे पान रिकामे आकाश आणि कोपऱ्यात एवढासा कावळा.

“आकाश मोकळं सोडायची छाती आहे पोरीची,” बाई म्हणाली. “आम्हाला म्हणायचे, कागद वाया जातो.”

मग भिंग टोपीवर आले आणि तिचे ओठ आवळले गेले.

“ही चेष्टा कुणाची चालवली आहेस?”

“चेष्टा कसली?”

“हा लाल बाहेर सरकलाय. प्रत्येक पानावर!”

“अगं, तुझंच बघून केलंय! तूच तर तसं काढलं होतंस.”

“मी? मी असलं काढीन?”

भाचीचा चेहरा उतरला. “म्हणजे ते मुद्दाम नव्हतं? मला वाटायचं, कावळा इतका जोरात उडतोय की टोपी मागे राहते. आईला मी तेच पान रोज वाचायला लावायचे.”

बाईने माझ्याकडे पाहिले. ती उठली, तिने कपाटातून ते पुस्तक काढले आणि उभ्यानेच उघडले. कावळा डावीकडे उडत होता. टोपी खरोखरच मागे राहिली होती. तिने पान उलटले.

“आणि इथे तो उजवीकडे चाललाय. इथे टोपी पुढे कशी?”

“इथे टोपीलाच घाई झालेली.”

बाईला हसू आवरेना. चष्मा काढून ती बराच वेळ काचा पुसत राहिली.

“बरं. पण शेवटच्या पानावर तो घरट्यात बसलाय. बसलेल्याची टोपी जागेवर हवी. आण तुझा टॅब.”

भाचीने लाल रंगाचा थर वेगळा करून पेन तिच्या हाती दिले. बाईने तो केसाकेसाने डावीकडे ढकलला. जे यंत्राला जमले नव्हते, ते तिच्या हाताने सहज केले; लाल रंग काळ्या कडेत नीट बसला.

“कसं दिसतंय हो, कानामात्रा?”

“अचूक.”

“ते मी विचारलं नाही.”

मी पुन्हा पाहिले. “खरं सांगायचं, तर फोटो काढायला बसल्यासारखा दिसतोय.”

“हेच म्हणते मी,” असे म्हणत तिने रंग पुन्हा किंचित उजवीकडे सरकवला आणि पेन खाली ठेवले. “दे जा तुझ्या प्रकाशकाला.”

भाचीने तिला मिठी मारली आणि जुने पुस्तक चार दिवसांसाठी मागितले.

“मुळीच नाही. माझ्याकडे एकच प्रत आहे,” बाई म्हणाली आणि तिने ते कपाटात परत ठेवले, कणा बाहेर करून.