गोकुळदास कंडक्टरचं फुकट तिकीट

गोवा राज्य झालं त्या वर्षी धारगळचा गोकुळदास कवठणकर सरकारी बसवर कंडक्टर लागला. निवृत्त झाला तेव्हा मोपाच्या पठारावर विमानं उतरायला लागली होती. मधली छत्तीस वर्षं त्याने पेडणे-डिचोली मार्गावर लोकांना तिकिटं दिली. स्वतः मात्र एकही काढलं नाही. नोकरीत होता तोवर पास, नंतर सगळे ड्रायव्हर ओळखीचे. "तिकीट काढता तो पॅसेंजर," असं तो म्हणे, आणि 'पॅसेंजर' हा शब्द डॉक्टर 'पेशंट' म्हणतो तसा उच्चारी.

त्याची दुसरी ओळख त्याचा आवाज. "वायच फाटी सरा! दार अडवू नका!" असं गर्दीला मागे सारायला तो डिचोलीच्या स्टँडवर ओरडला की मयेच्या तळ्यावरचे बगळे उडतात, असं लोक सांगत.

बायको चंद्रावती. तिला जन्मात एकच हौस, जनेलाकडे, म्हणजे खिडकीशी, बसायची. विमानतळ अजून नुसत्या भाषणांत होता तेव्हाच गोकुळदासने तिला शब्द दिला होता, "विमान येवंदे गो, तुका जनेलाकडे बसवतंय." विमान आलं. रोज कौलांवरून जायला लागलं. चंद्रावती अंगणात विकायची आमसुलं वाळत घालताना मान वर करी, विमानाचं पोट दिसेनासं होईपर्यंत बघे आणि परत आमसुलं पसरी.

मग हैदराबादेहून रोहिणीचा फोन आला. लेकीला डॉक्टरने प्रवास बंद केला होता, बाळंतपण तिथेच करायचं ठरलं होतं. "आई, वीस दिवस राहिलेत. तू ये. विमानाने ये. तिकीट आम्ही काढतो."

"जावयाच्या पैशान माझी बायल विमानात बसतली?" गोकुळदास फोनमध्ये गरजला. "मी आसंय मू!"

दुसऱ्याच दिवशी तो स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला हायवेच्या पंपावर गेला. तिथे रंगीत छत्रीखाली टेबल मांडून वैशाली बसली होती. डिचोलीची मुलगी, गळ्यात बँकेचं ओळखपत्र.

"काका, दोन मिनिटं आहेत?"

"दोन मिनटांत बस सुटता. बोल बेगीन."

"या कार्डावर विमानाचं तिकीट फुकट."

गोकुळदासने हेल्मेट काढलं.

"फुकट म्हंजे?"

"म्हणजे शून्य रुपये. फक्त वर्षाची फी दहा हजार, अधिक जीएसटी."

"फुकटाची फी?"

"फीकडे नका बघू काका, लाउंज बघा! विमान सुटायच्या आधी सोफ्यावर बसायचं, पाहिजे तेवढं जेवायचं."

"आणि तिकीट कधी गावता?"

"पहिलं, फी भरल्यावर नव्वद दिवसांनी. पुढची, तुम्ही खर्च कराल तसे पॉइंट साठून."

"दिवाळीक चलता?"

"दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडून."

"म्हंजे माणसां खंय जायत नाय तेव्हा."

"बरोब्बर!" वैशाली आनंदाने म्हणाली, आणि तिने त्याच्या हातात फॉर्म दिला.

त्या फॉर्मने घरात ठाण मांडलं. गोकुळदास चष्मा लावून तो वाची, काढून वाची, शेवटी बारीक अक्षरांतला भाग भिंगाने वाची.

"नव्वद दिवस," चंद्रावती म्हणाली. "आणि रोहिणीक वीस. तिका सांगूया काय, पोट धरून बस, बापाशीचे पॉइंट भरूक नाय?"

"अगो, पण फुकट गावता तेका पैशे मोजूचे? लोक हसतले. आणि पॉइंट बेगीन करूक येतत. एक फ्रिज घेवया."

"आसा मू फ्रिज."

"मगे दुसरो."

"तेच्यात काय ठेवतलात? पॉइंट?"

सकाळी सायकलवरून पाव विकणारा पोदेर आला तेव्हा गोकुळदास फॉर्म घेऊनच फाटकात गेला. "पाव कार्डार दितलंस रे?"

पोदेराने टोपलीवरचं प्लास्टिक सारलं. "बाब, माझ्या सायकलीक स्टँड नाय. मशीन खंय लावू?"

शेजारची प्राजक्ता रोज संध्याकाळी फोनवर भाव बघून सांगे. सोमवारी चार हजार. बुधवारी पाच. शनिवारी साडेसहा, आणि बहुतेक मधल्या सीटा.

"मधली?" चंद्रावतीने विचारलं.

"जनेल एकच उरलंय मावशी. त्याला थोडे जास्त पडतात."

चंद्रावती उठली. आत गेली, डब्यांची खडबड झाली, आणि तिने रात्रीच्या आमटीत मीठ घातलं नाही.

तेरा दिवस उरले तेव्हा गोकुळदासने जाहीर केलं, "देवीक कौल लावया." घर बांधायचं, सोयरीक जुळवायची, विहीर खणायची, वाड्यावर सगळं देवीला विचारूनच होई. क्रेडिट कार्ड तेवढं राहिलं होतं.

रविवारी सकाळी वाड्यावरच्या सातेरीच्या देवळात वीसेक माणसं जमली. अर्धी देवीसाठी, अर्धी गोकुळदाससाठी. विठू गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग त्याने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं:

"बा देवी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

"ह्या तुझ्या लेकरान, गोकुळदासान, छत्तीस वर्सां लोकांका घराक पावयला..."

"होय म्हाराजा!"

"आता तेका कार्ड घेवचा काय नाय, असो प्रश्न पडलो हा. वर्साची फी धा हजार..."

"अधिक जीएसटी," गोकुळदास कुजबुजला.

"अधिक जीएसटी..."

"होय म्हाराजा!"

"घेवचा आसल्यार उजवी दी, नको आसल्यार डावी दी!"

सगळ्यांनी माना पुढे काढल्या. समईची वात तडतडली. पाकळ्या जागच्या जागी. विठूने दुसऱ्यांदा विचारलं. काही नाही. तिसऱ्या वेळी गोकुळदासला राहवलं नाही. तो पुढे सरकला आणि देवीला म्हणाला, "सोफो आसता. जेवाण फुकट."

पाकळ्या हलल्या नाहीत.

विठूने मान हलवली. "देवी गप आसा म्हंजे प्रश्न चुकलो. तुझी अडचण खरी खंयची ती सांग."

"अडचण हीच!"

"ती तेंची," बायकांतून आवाज आला. चंद्रावती पुढे आली. तिने पदर खोचला आणि हात जोडले. "विठूदादा, माझां विचार. माझ्या आमसुलांच्या पैशान तिकीट काढू? जनेलाकडचा? एकटी जावू?"

विठूने गाऱ्हाणं अर्धंही म्हटलं नव्हतं. उजव्या बाजूची पाकळी टपकन खाली आली.

"होय म्हाराजा!" वीसजण एकदम ओरडले. बायकांनी जरा जास्तच जोरात.

"ती पाकळी सुकल्ली," गोकुळदास म्हणाला. कोणी ऐकलं नाही. प्राजक्ता तर गाभाऱ्यासमोरच फोनवर सीट धरत होती.

गुरुवारी गोकुळदास बायकोला सोडायला मोपाला गेला. स्कूटरवर पुढे बॅग, मागे चंद्रावती, तिच्या मांडीवर आमसुलांची आणि मेथीच्या लाडवांची पिशवी. खिशात तो फॉर्म घडी घालून होता. रांगेत ती पुढे, तो मागे, दोघे काचेच्या दारापर्यंत गेले. बंदूकवाल्या जवानाने चंद्रावतीचा कागद बघितला, आधार बघितलं, आत सोडलं. मग हात आडवा धरला.

"टिकट?"

छत्तीस वर्षांत हा शब्द गोकुळदासकडे कोणी उलटून फेकला नव्हता. त्याने खिसे चाचपले. फॉर्म बाहेर आला. जवानाने तो उलटा-सुलटा केला आणि परत दिला.

"मी स्टाफ," गोकुळदासच्या तोंडून सवयीने गेलं.

मागे बॅगांची ढकलाढकल सुरू झाली होती. आतून चंद्रावतीने वळून पाहिलं. तिने पिशवी काखेत सारखी केली, आणि डिचोलीच्या स्टँडवर शोभेल अशा आवाजात म्हणाली,

"अवो, वायच फाटी सरा! दार अडवू नका!"