जगदेवीअक्काची बारव

आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला विचारा, पोहायला कुणी शिकवलं, तर ती जगदेवीअक्काचंच नाव घेईल. मलाही तिनंच शिकवलं.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूला. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव पडलं आणि सरकारनं अलीकडच्या माळावर नवं बसवलं. जुन्या जागी आता बाभळी माजल्यात. पण तिथली बारव शाबूत राहिली. तीन बाजूंनी दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या आणि मधे काळंशार पाणी.

भूकंप झाला तेव्हा अक्का बाळंतपणातून नुकतीच उठली होती. माळवदाची माती अंगावर आली आणि ती गळ्यापर्यंत पुरली गेली. शेजारीच कुठंतरी तिची तान्ही पोर रडत होती. अक्काला रडणं ऐकू येत होतं, पण तिचं बोटसुद्धा सरकत नव्हतं. हळूहळू रडणं बारीक झालं, मग थांबलं. ऊन वर आल्यावर लोकांनी अक्काला बाहेर काढलं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही पाठ फिरवून, लुगडं पिळता पिळता.

त्यानंतर पत्र्याच्या शेडात तिचा जीव गुदमरायचा. अंगावर साधं पांघरूण सहन व्हायचं नाही. उन्हाळा आला तशी एका दुपारी ती कुणाला न सांगता जुन्या गावात गेली आणि काष्टा मारून बारवेत उतरली. माहेरी, निलंग्याकडं, लहानपणी ती पोहलेली होती.

"पाण्यात पडलं की हातपाय हलतेत गं," ती म्हणायची. "कोण धरत न्हाई."

मग ती रोजच जायला लागली. तिच्यामागं गावातल्या पोरीही जायला लागल्या. आम्ही बौद्ध. जुन्या गावात आमच्या माणसांनी त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, असा रिवाज होता. माझी आई चांगुणा, वरून कुणी घागरीत ओतलं तरच पाणी घरी आणायची. मीही त्या सवयीनं वरच उभी राहिले होते. अक्कानं खालून पाहिलं.

"काय करायलीस तिथं? उतर की."

"आई मारंल."

"मग आईला बी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आई खरंच आली. वरच्या पायरीवर पदर सावरून बसली. मग एकेक पायरी सरकत खाली गेली आणि तिनं पाण्यात पाय सोडले. अक्का माझ्या कमरेला दोर बांधत राहिली. त्यावरून अक्काच्या घरी सासूनं पुष्कळ आदळआपट केली म्हणतात. अक्कानं कधी सांगितलं नाही.

तिची शिकवण्याची पद्धत साधी. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला दोर, आणि आधी उताणं तरंगायचं. पाठीखाली तिचा तळहात असायचा. "मान सोड," ती म्हणायची. "पाणी तुला धरतंय." आणि आपण आभाळ बघत असताना तो हात कधी निघून जायचा, कळायचंच नाही.

मी पुढं शिकले, नायगावला शाळेत शिक्षिका झाले. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मुलीला, तनुजाला, घेऊन आले ती पोहणं शिकवायलाच. अक्का आता साठीकडं झुकलेली, गुडघे दुखतात. पण तनुजाला बघून तिनं त्याच दिवशी डबा शोधून काढला.

बारवेवर गेलो आणि मी थबकलेच. ज्या पायऱ्या मी कधी उघड्या पाहिल्या नव्हत्या, त्या कोरड्या पडल्या होत्या. पाणी खूप खाली, अक्काच्या छातीइतकं. दगडांवर वाळलेल्या शेवाळाचे पट्टे एकाखाली एक उमटलेले.

"दर वर्षी खालीच चाललंय," अक्का म्हणाली. "चौबाजूनं बोर हायेत. जमिनीखालचं पाणी कुणाचं, कसं सांगावं?"

तरी शिकवणी सुरू झाली. तनुजा भित्री. पहिले काही दिवस ती अक्काच्या गळ्याला घट्ट मिठी मारूनच असायची. मग डोकं मागं टाकायला लागली. तेवढ्यात पाणी अक्काच्या कमरेपर्यंत उतरलं.

बारवेला लागूनच अक्काच्या मुलाचं, सुदर्शनचं, शेत आहे. भूकंपानंतर झालेला हा एकुलता एक. माणूस सरळ. त्या संध्याकाळी तो बोरची मोटार बघायला आला, तेव्हा अक्कानं त्याला बांधावरच थांबवलं.

"सुदर्शन, थोडे दिस मोटार बंद ठेव बाबा. पोरगी शिकंपर्यंत."

"आई, मी ठेवतो. पण शेजारच्या शरणप्पाकाकांची चालू हाय, वरच्या रानातली चालू हाय. पाणी तिकडून जाणार. मग माझाच ऊस वाळवून काय फायदा?"

"मी त्यांना बी सांगते."

ती खरंच गेली. दुखऱ्या गुडघ्यांनी एकेका शेतात गेली, मी सोबत होते. सगळ्यांनी खाटेवर बसवून चहा पाजला. शरणप्पाकाकांच्या दोन्ही सुना अक्काकडंच पोहायला शिकलेल्या. ते म्हणाले, "अक्का, तुमचा शब्द मोडवत न्हाई. पण रान बघा." समोर उसाची पानं गुंडाळून पिवळी पडली होती. अक्कानं रान पाहिलं. कप खाली ठेवून ती उठली.

सुदर्शननं मात्र आईचं ऐकलं. त्यानं मोटार बंद केली. सकाळी आम्ही घाईघाईनं बारवेवर गेलो. पाणी आणखी खाली गेलं होतं. त्याच्या पुढच्या सकाळी त्याहून खाली. तिकडं सुदर्शनच्या उसाच्या कडा करपायला लागल्या. तो बांधावर येऊन उकिडवा बसायचा आणि रानाकडं बघत राहायचा.

शेवटी अक्काच त्याच्याजवळ गेली.

"चालू कर बाबा."

"आई, आणखी बघू की एखादा दिवस."

"कशाला? हे बी जाईल, ते बी जाईल. चालू कर."

त्यानं खटका दाबला. मोटार घुरघुरली. अक्का तिथून निघाली ती तडक बारवेत उतरली आणि तनुजाला हाक मारली. पाणी मांडीइतकंच उरलं होतं. तिनं तनुजाला आडवं केलं, पाठीखाली हात धरला. पोरीनं मान सोडली, अंग सैल केलं. मी वरून बघत होते. आता अक्का हात काढणार, असं मला वाटलं. तिनं काढलाही. तनुजा क्षणभर तरंगली, मग पाय खाली गेले आणि टाचा चिखलात रुतल्या. पोरगी उभी राहिली. बुडायला जागाच नव्हती. तिनं आपल्या पायांकडं पाहिलं आणि विचारलं, "आलं का मला पोहायला?"

अक्का म्हणाली, "आलंच असतं."

चार दिवसांनी बारवेत गुडघाभर गढूळ पाणी राहिलं. मासे एका कोपऱ्यात दाटीनं तोंडं वर काढून होते. अक्कानं पाठीला बांधायचा तोच डबा वरून कापला आणि आम्ही मासे भरभरून सुदर्शनच्या शेततळ्यात नेऊन सोडले. मोटार चालू झाल्यापासून शेततळं पुन्हा काठोकाठ भरलेलं, निळंशार. तनुजा आनंदानं ओरडली, "अक्का, इथं कित्ती पाणी आहे! इथं शिकव ना!"

"न्हाई बाई." अक्कानं तिचं मनगट पकडलं. "खाली प्लास्टिक हाय, निसरडं. आत गेलेलं माणूस वर येत न्हाई. ह्याला पायऱ्या न्हाईत."

तळ्याभोवती जाळी होती. ती जाळी धरून अक्का उभी राहिली. सुदर्शन पलीकडच्या काठावरून मासे सोडत होता. एकेक मासा आत पडला की पाणी हलायचं आणि पुन्हा स्थिर व्हायचं.

आम्ही सगळे चिखलानं माखलो होतो. पाइपातून बोरचं पाणी जाड धारेनं तळ्यात पडत होतं. सुदर्शननं ती धार आमच्याकडं वळवली. "आई, पाय धुऊन घ्या."

अक्का जागची हलली नाही. मग तनुजाच्या पायांवरचा चिखल वाळायला लागलेला तिला दिसला. ती गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकली, पोरीचा पाय धारेखाली धरला आणि बोटांच्या बेचक्यांतली माती हळूहळू काढायला लागली.