वाळवंटात नेलेले गिलास

भूकंपानंतर आमच्या लातूरकडच्या कितीतरी घरांत उशाशी स्टीलचे गिलास एकावर एक रचून झोपायची सवय लागली. जमीन हलली की गिलास पडणार, आवाज होणार, आपण बाहेर पळणार. लोकांची ही सवय हळूहळू सुटली. माझी नाही. लेकीचा जन्म भूकंपानंतरचा, पण तीही त्या गिलासांशेजारीच वाढली.

तिचे क्लास संपले, मेडिकलला पुण्यात नंबर लागला. हॉस्टेल सातव्या मजल्यावर. मी अडून बसलो, नांदेडला घे, तळमजल्याची खोली बघू. तिनं वाद घातला नाही. "आधी माझ्यासंगं राजस्थानच्या वाळवंटात चला, पप्पा. मग काय ते सांगा," म्हणाली. बायकोनं चिमटा काढलाच, "भूकंपात फुकट ऱ्हायलाव ताडपत्रीखाली, आता पैशे देऊन तंबूत ऱ्हावा."

वाळवंटात मला पहिल्या पावलापासून चैन पडेना. पाय टाकावा तिथं जमीन सरकायची, आणि दिवसभर चालायचं ते त्याच जमिनीवर. लेक टेकाडावरून मुद्दाम घसरत खाली यायची, मी पायथ्याशी हात पसरून उभा. संध्याकाळी तंबूत मी पिशवीतून गिलास काढले. वाळूत ते उभे राहिनात. शेवटी ताट पालथं घालून त्यावर रचले. ती बघत होती.

तांबडं फुटताना वारा सुटला, तंबू फडफडला आणि गिलास खणखणत पडले. "भायेर पळ," म्हणत मी लेकीला हाताला धरून ओढत बाहेर आणलं. समोर नजर पोचेल तिथवर वाळू. अंगावर पडेल असं एक झाडसुद्धा नाही. उंटवाला चूल पेटवत होता, त्यानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा फुंकर घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक हसली नाही. म्हणाली, "तुम्ही जागे हाव म्हणून मला झोप लागायची, पप्पा. परीक्षेच्या आदल्या रात्रीपण. तुम्ही कधी झोपलाव?"

मी आत जाऊन गिलासांतली वाळू झटकायला लागलो.

सामान आवरताना तिनं गिलास उचलून स्वतःच्या सॅकमध्ये टाकले. "तिथं मी रचीन. तुम्ही झोपायचं."

"बरं," म्हणालो. सातव्या मजल्यालाच बरं म्हणालो होतो, ते तिला कळलं. मग चहाला लागेल म्हणून एक गिलास मी मागून घेतला. एकाच गिलासाचा काही उपयोग नसतो हे माहीत असून तिनं तो दिला.