आईची विद्यार्थिनी

त्या थेरपिस्ट बाई वॉचमनशी हिंदीत बोलतात, फोनवर गुजरातीत आणि माझ्याशी पुस्तकात शोभेल अशा मराठीत. त्यांची स्वतःची भाषा कुठली, हे मला कळतच नसे.

बाबा गेल्यावर आईनं बोलणंच सोडलं, म्हणून दर शनिवारी मी तिला करंजाड्याहून पनवेलला त्यांच्याकडे नेतो. आईशी त्या आमच्या गावच्या आगरी बोलीत बोलतात, पण इतकी मोडकीतोडकी की बाहेर बाकावर बसून मलाच अवघडायला होतं. आई त्यांना टोकते, पुन्हा म्हणायला लावते.

परवा मासळी बाजारात त्या दिसल्या. कोळणीशी भावावरून हुज्जत घालत होत्या, अस्सल आगरीत, कुठेही न अडखळता. मला पाहून ओशाळल्यासुद्धा नाहीत. "मी मोरा बंदरावरच वाढले," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

हा उपचार की फसवणूक, मला ठरवता येईना. आईला सांगून टाकावं म्हणून शनिवारी तिच्या खोलीकडे गेलो, तर ती साडी नेसून दारातच उभी.

"चल लवकर," ती म्हणाली. "त्या पोरीला आजून धड बोलता येत नाय."