पलीकडे लुडबूड नको

वस्तीत कुठेही आवाज चढला, की हे गृहस्थ हजर. धंदा नळदुरुस्तीचा, पण नाव पडलं लुडबुडे. पुढे मारामाऱ्या रोखणाऱ्या एका संस्थेने गळ्यात ओळखपत्र घालून त्यांना याच कामाला नेमलं. बायको म्हणाली, "खोडीलाच नोकरी लागली म्हणायची!"

या कामाने हाणामाऱ्या खरंच कमी होतात का, हे तपासायला निधी मिळाला. सोबत अट आली. संशोधक बाईंनी बजावलं, "रस्त्याच्या अलीकडे काम करा. पलीकडे वर्षभर फिरकायचं नाही. दोन्ही बाजूंत फरक दिसला तरच पुढचा पैसा, नाहीतर काम बंद."

लुडबुड्यांनी मान डोलावली. धाकटी बहीण पलीकडेच राहते, हे त्यांनी मनावर घेतलं नाही.

एका दुपारी तिचा फोन आला. "दादा, दुकानावरून दोघं इरेला पेटलेत. थोरल्याने सुरा घेतलाय. पोटच्या पोरांवर पोलीस घालू का रे?"

त्यांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. खिडकीशी गेले, परत आले.

"गेलो तर सगळ्या वस्तीचं काम बुडेल गं."

"आणि नाही गेलात तर?" बायकोने विचारलं.

ते हत्यारांची पिशवी घेऊन धावतच निघाले. बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरून मोरीच्या नळाचा पाईपच खोलला आणि ओरडले, "थोरल्या, धर इथे, घरभर पाणी होईल! धाकट्या, दुसरं टोक तू!" सुरा ओट्यावर राहिला. पाईप धरून दोघं एकमेकांना शिव्या देत बसले. मामा मुद्दाम सावकाश आटे फिरवत राहिले. हात गुंतलेला माणूस मारत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच बाईंना सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"काय झालं तिथे?"

"काहीच नाही."

"तेच तर! काही न होणं अलीकडे मोजायचं होतं, पलीकडे नाही. आता निधीचं कठीण आहे."

ओळखपत्र टेबलावर ठेवून ते घरी आले. आपल्या गल्लीतल्या पोरांकडे आता कोण बघणार, या विचाराने त्यांना बसवेना. तेवढ्यात बहिणीचा फोन.

"दादा, दोघं अजून तोंड फिरवून बसलेत रे."

"ताटं किती घेतलीस?"

"दोन. दोघांचीही."

"मग वाढ. दोन ताटं लागताहेत, एवढं पुरे," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.