धाऊ शिपायाचा पुकारा

धाऊचा आवाज ओढ्यापलीकडे जायचा. शहापूर-मुरबाड रस्त्यालगतच्या त्याच्या गावात म्हशी डोंगराला चरायला लागलेल्या असल्या, की बाकीची माणसं संध्याकाळी त्यांना आणायला चढत. धाऊ बांधावर उभा राहून नुसती हाक मारी. म्हशी उतरत; त्याच्याच नव्हे, शेजाऱ्यांच्याही. या आवाजावरच त्याला तालुक्याच्या कोर्टात शिपायाची नोकरी लागली, असं गाव म्हणे. खरं तर तो चौथी पास होता आणि जागा रिकामी होती. पण गावाला कोण सांगणार?

कोर्टात त्याच्याकडे पुकाऱ्याचं काम होतं. आत खटला निघाला, की त्याने व्हरांड्यात यायचं आणि ज्याची पाळी असेल त्याचं नाव तीनदा पुकारायचं. तीनदा पुकारूनही माणूस पुढे झाला नाही, तर कागदावर तो गैरहजर. आवाराला तारेचं कुंपण, आणि कुंपणाला टेकून आठवड्याचा बाजार भरायचा. पुकारा झाला, की सुकी मासळी विकणाऱ्या बायासुद्धा क्षणभर थांबून ऐकत आणि मग पुन्हा भाव सांगू लागत.

कागदावर नुसतं नाव असे. धाऊ त्यात पदरची भर घाली. डोंगरातल्या पाड्यांवर नावं मोजकीच. लखमा म्हटलं की पाच लखमा उठून उभे राहत. म्हणून धाऊ बापाचं नाव लावी, पाडा लावी, आणि तरीही दोघं उठले तर विहिरीची खूणही सांगे. हे सगळं त्याच्या डोक्यात. एकदा बघितलेला पक्षकार तो विसरत नसे. वकीलसुद्धा त्याला बाजूला घेऊन विचारत, "धाऊ, मागच्या तारखेला आलेला तो उंच माणूस कुठला रे?" धाऊ सात पिढ्या सांगे.

त्र्याण्णव साली एक मुलगी साक्षीला आली. वीटभट्टीवर काम देतो म्हणून एका मुकादमाने तिला नेलं होतं आणि मुंबईत विकलं होतं. दोन वर्षांनी पोलिसांनी सोडवून आणली. तारीख नेमकी बाजाराच्या दिवशी पडली. धाऊ व्हरांड्यात आला, छाती भरून घेतली आणि रोजच्यासारखा पुकारा दिला. मुलीचं नाव, बापाचं नाव, पाडा. तीनदा. खटला कसला ते बाजाराला ठाऊक होतं, कारण मुकादमाला बेड्या घालून सकाळीच बाजारातून नेलं होतं. मुलगी कोण, तेवढंच ठाऊक नव्हतं.

दुपारी धाऊ चहाच्या टपरीवर गेला तेव्हा टपरीवाला म्हणाला, "धाऊदादा, त्या पाड्याची होय ती? तुमच्या गळ्यापायी आमाला घरबसल्या कळलं."

धाऊला ते आधी कौतुकच वाटलं.

साक्ष त्या दिवशी अर्धीच झाली. पुढच्या तारखेला धाऊने पुन्हा तीनदा पुकारा दिला आणि कुणी उठलं नाही. तिच्या पाड्यावरचे एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याच कामाला आले होते. ते म्हणाले, "ती नाय येनार. गावातनं गेली. लोकांनी पानी भरू दिलं नाय." कागदावर गैरहजर असं लागलं. काही महिन्यांनी मुकादम सुटला आणि जाताना त्याने धाऊला रामराम केला.

घरी धाऊने ही गोष्ट सांगितली नाही. सकुबाईला, त्याच्या बायकोला, एवढंच दिसलं की जेवताना हा माणूस आता हळू बोलतो.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात वरच्या पाड्यावरची भागी त्याच्या अंगणात आली. मोहाची फुलं विकायला येई तशीच आली, पण टोपली रिकामी होती.

"धाऊदादा, कोर्टात नाव तुमीच पुकारता ना?"

"मीच."

"गुरवारी आमच्या पोरीची साक्ष हाय." भागीने सकुबाईकडे पाहिलं आणि मग सरळ सांगून टाकलं. "भिवंडीला कामाला म्हनून नेलं आन भलतीकडंच इकलं. सात म्हैन्यांनी घावली. पाड्यावर आमी सांगितलंय, ती मावशीकडं उंबरमाळीला व्हती. तुमी तिचं नाव नका घेऊ."

"नाव नाय घेतलं तं ती आली असं धरीत नाय गो."

"मंग घ्या. पन गुरवारी बाजार हाय, आन आर्धा पाडा बाजारात असतो."

"ठाव हाय."

"मागच्या त्या पोरीचं आमाला बी ठाव हाय," भागी म्हणाली. त्यात ठपका नव्हता. पाऊस कधी आला हे सांगावं तसं तिने सांगितलं. धाऊ उठून पाणी प्यायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने साईनाथला गाठलं. साईनाथ कोर्टातला कारकून. रोज काय झालं त्याचा रोजनामा तोच लिहायचा.

"पुकारा नाय दिला तं चालंल का?"

"तू? पुकारा नाही देणार?" साईनाथने चष्मा काढला. "उद्या कोंबडा येऊन सांगेल, मी आरवत नाही."

"खरं इचारतो."

"चालणार नाही. मला 'पुकारा केला' असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर आरोपीचा वकील त्याच फटीतून आत शिरेल. तो तर वाटच बघतोय, नाव बाजारात जावं आणि पोरगी पळावी."

"तीनदा देतो. पन कुठं उभं ऱ्हाऊन, ते लिवलंय का कुठं?"

साईनाथने चष्मा पुन्हा चढवला. "ते नाही लिहिलेलं. तू गळ्याचं बघ, धाऊ. कागदाचं मी साहेबांच्या कानावर घालतो."

गुरुवारी बाजार फुलला होता. मुलगी रेकॉर्डच्या खोलीपाशी, व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर, आईच्या पदराआड बसली होती. आत नव्याने आलेल्या बाई न्यायाधीश होत्या. त्यांनी समोरचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, "साक्षीदार क्रमांक तीन. पुकारा करा."

धाऊ बाहेर आला. कुंपणापलीकडे मासळीवाल्या बाया सवयीने थांबल्या. धाऊ व्हरांड्याच्या कडेला, नेहमीच्या जागी, गेला नाही. तो टोकापर्यंत चालत गेला, बाकासमोर गुडघ्यांवर बसला आणि झोपल्या लेकराला उठवावं तशा आवाजात त्याने तिचं नाव घेतलं. नुसतं नाव. बाप नाही, पाडा नाही. ती बघत राहिली. त्याने दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा ती उठली.

मासळीवाल्या बायांतली एक दुसरीला म्हणाली, "शिपायाचा घसा बसला वाटतं."

आत आरोपीचे वकील आधीच उभे होते. "साहेब, पुकारा झालेला नाही. मी दारातच होतो. मला ऐकू आला नाही."

"धाऊ, पुकारा केला?" बाईंनी विचारलं.

"केला, साहेब."

"किती वेळा?"

"तीन वेळा."

"कुठे उभं राहून?"

"तिच्या म्होरं बसून, साहेब."

बाईंनी वकिलांकडे पाहिलं. "पुकारा साक्षीदारासाठी असतो, वकीलसाहेब. साक्षीदार आलेली आहे. तुमचं नाव पुकारू तेव्हा मोठ्याने पुकारायला सांगते." मग त्यांनी दारं लावून घ्यायला सांगितली.

साक्ष दोन तास चालली. कागदावर सगळीकडे 'साक्षीदार क्रमांक तीन' एवढंच लागलं. नाव आणि गाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, ती चिठ्ठी पाकिटात घालून बाईंनी साईनाथकडे दिली. धाऊने मेणबत्ती धरली, साईनाथने लाख वितळवून पाकिटावर मोहोर उठवली. पुढे आरोपीच्या माणसाने सगळ्या कागदांच्या नकला घेतल्या. त्या नकलांत त्याला आकडा मिळाला. खटल्यात शिक्षा झाली.

आता कोर्टापुरतं ते नाव दोनच ठिकाणी उरलं होतं. एक त्या पाकिटात आणि एक धाऊच्या डोक्यात.

धाऊ दोन हजार चारला निवृत्त झाला. ओट्यावर बसू लागला आणि गाव त्याच्याकडे येऊ लागलं. कुणाच्या आजोबाची वाटणी कधी झाली, कुणाची सोडचिठ्ठी कुठल्या साली झाली, लोक कागद काढायला तालुक्याला जात नसत, धाऊला विचारत. धाऊ तारीख-वार सांगे आणि ते त्याला आवडे.

पुढच्या वर्षी टोकावड्याकडचा दामू नावाचा माणूस आला. पुतण्याचं लग्न ठरवत होते. मुलगी भागीची. मुलीची चौकशी करायची तर चार जाणत्यांना विचारायचं, ही रीत.

"धाऊबाबा, तुमचं नाव लय ऐकलंय. तुमी सांगाल ते कोर्टाच्या कागदापरमानं, असं लोक म्हनतात."

"बसा."

"भागीची पोर. बाजारात कुनी तरी म्हनलं, तिला कोर्टात बघितली. तुमाला तं समदी ध्यानात असत्यात. व्हती का?"

धाऊने पानाचा डबा पुढे ओढला. नाही म्हणावं, तर त्याचं ते 'नाही' उद्या कुणी दुसऱ्या साक्षीने खोटं पाडलं असतं. आठवत नाही म्हणावं, तर धाऊला आठवत नाही यावर कोण विश्वास ठेवणार? दामू तर लगेच समजला असता.

"तुमी कुठले म्हनालात?" धाऊने विचारलं.

"टोकावड्याकडचा."

"हां. म्हैस इकायला आलात का?"

"नाय, बाबा. सोयरीक."

"बरं बरं. बसा." धाऊने सुपारी कातरली, अर्धी दिली आणि दामूकडे नीट पाहिलं. "तुमी कुठले म्हनालात?"

दामूने पुन्हा सांगितलं, आता जरा मोठ्याने. सकुबाई दारात येऊन उभी राहिली. धाऊने पानाचा डबा बंद केला, उघडला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "तुमी कुठले म्हनालात, लखमाशेट?"

दामू उठला. सकुबाईला जाता जाता हळूच म्हणाला, "म्हातारा गेला की वो कामातनं. कवापासून असं?"

सकुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "झालं थोडं दिवस," ती म्हणाली.

दामू गेल्यावर ती आत वळली आणि तिथूनच म्हणाली, "काय लखमाशेट, मिठाचा डबा कुठं ठेवला मी?"

"फळीवर. गुळाच्या मागं."

"मंग तुमाला आता उद्यापासून ते बी नाय ठावं. येक केलं का समदं करावं लागतं."

तिचं खरं होतं. आठवड्याभरात गावभर झालं, की धाऊ विसरायला लागला. साल विचारायला येणारी माणसं ओट्यासमोरून मान हलवून पुढे जाऊ लागली. एका भाच्याने आणलेला वाटणीचा प्रश्न धाऊला तिथल्या तिथे सुटत होता. त्याने आभाळाकडे पाहिलं आणि पाऊस येईल का, असं विचारलं. भाचा उठून तालुक्याला गेला. त्या संध्याकाळी धाऊ जेवला नाही.

लग्न झालं. मांडव भागीच्या दारात होता. धाऊ आणि सकुबाई वर चढून गेली. भागीने त्याला खांबापाशी बसवलं आणि वाकून म्हणाली, "नवऱ्या पोराला तिनं सोता सांगितलंय. घरच्यांना नाय." मग आपल्या कामाला लागली.

पंगती उठल्यावर नवरी थोरांच्या पाया पडत आली. मागे तिच्या सासरची माणसं होती, त्यांत दामूही. ती धाऊपाशी थांबली आणि वाकली. दामू मागून म्हणाला, "बाबांना वळख नाय ऱ्हायली, गो. वाईट नको वाटून घेऊ."

धाऊने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू कोनाची गो?"

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने आपलं नाव सांगितलं. आईचं सांगितलं, पाडा सांगितला आणि नवं सासरही सांगितलं, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"हां," धाऊ म्हणाला. "पयल्यांदाच ऐकलं."