प्रश्नानंतरचं थांबणं

माझ्या नणंदेला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. तिसरीच्या वर्गाला शिकवायची, तेव्हा प्रश्न तीच विचारायची, उत्तरही तीच द्यायची आणि मुलांनी ते एका सुरात म्हटलं की खूश व्हायची. नवरा अचानक गेला आणि तिनं परदेशातल्या एका शाळेत नोकरी धरली. तिकडचा अनुभव गाठीशी असला की इकडे चांगल्या शाळेत घेतात, असं तिनं डोक्यात घेतलं होतं. सहा वर्षांची लेक आमच्याकडे राहिली, मामा-मामीजवळ.

तिकडे गेल्या गेल्या मुख्याध्यापिका एकदा तिच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसली आणि नंतर म्हणाली, "तुम्ही मुलांना विचारच करू देत नाही." नणंद मानी. रडली, पण शिकली. प्रश्न विचारायचा आणि तोंड मिटून उभं राहायचं. सुचवायचं नाही, नजरेनंही घाई करायची नाही. आणि मूल जे म्हणेल ते मान्य करायचं. कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी अशीच एकदा बोलली, हे तिनं मला फोनवर इतक्यांदा ऐकवलं की मला त्या मुलीचा रागच यायला लागला. कारण स्वतःच्या लेकीशीही फोनवर हेच चालायचं. "आज काय केलंस?" विचारायची आणि थांबायची. इकडे पोर भिंत खरवडत गप्प. शेवटी फोन माझ्या हातात.

तीन वर्षांनी परतली. हवी तशी शाळा मिळाली. शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या, लेकीसाठी खिडकीखाली पलंग टाकला. मी पोरीच्या कपड्यांच्या घड्या करून बॅग भरली. जड गेलं, पण भरली. लेकरू आईकडेच जायला हवं.

रविवारी ती आली. लेकीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिनं विचारलं, "तुला माझ्याकडे राहायला यायचंय का?"

आणि थांबली.

पोर पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. चहावर साय धरली. शेवटी मीच मध्ये पडले.

"अगं, विचारतेस काय? हात धर आणि ने."

"वहिनी, तिला वेळ द्या," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली.

बऱ्याच वेळानं पोर म्हणाली, "इथेच राहते."

नणंदेनं मान हलवली. "बरं," म्हणाली, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि चपला घालून निघून गेली. आग लागो तुझ्या त्या पद्धतीला, असं मी मोठ्यानं म्हणाले, पण तोवर ती जिना उतरली होती.

संध्याकाळी पोरीची वेणी घालताना मी विचारलं, "आई न्यायला आली होती ना गं? मग नाही कशाला म्हणालीस?"

"न्यायला नव्हती आली."

"मग?"

"विचारायला आली होती. न्यायचं असतं तर नेलं असतं."

वेणी अर्धी सोडून मी उठले. नणंदेला फोन लावला, पोरीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, वर माझे चार शब्दही सुनावले. "उद्या ये. काही विचारू नकोस. उचल आणि ने."

ती रडत होती, आवाजावरून कळत होतं.

"वहिनी, ती झोपेत असताना निघून गेले होते मी. तेव्हा तिला विचारलं नव्हतं. आता नेतानाही विचारायचं नाही?"

मी फोन ठेवला आणि अर्धी राहिलेली वेणी पुरी घातली. पोर आमच्याकडेच राहिली.